पिंजाऱ्याची वीणा : जुन्या छायाचित्रांतील धंदे आणि हत्यारे

काही वर्षांपूर्वी आमच्या गावात जुन्या छायाचित्रांचे एक लहानसे प्रदर्शन भरले होते. घराघरांतल्या पेट्या-फडताळांतून जमवलेली चित्रे, काही विकत घेतलेली पोस्टकार्डे, काही पुस्तकांतून मोठी करून घेतलेली. त्यांतल्या एका चित्राखाली कानडी, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत 'रस्त्यावरील वादक' असे छापले होते. चित्रात पांढऱ्या दाढीचा एक सडसडीत माणूस. डोक्याला फडके, खांद्यावर जवळजवळ त्याच्याच उंचीचे लाकडी काहीतरी. एका टोकाला रुंद फळी, दुसऱ्या टोकाला बाक, आणि दोन्ही टोकांमध्ये ताणलेली तार. बघणारे क्षणभर थांबत, "ही कुठली वीणा म्हणायची?" असे पुटपुटत आणि पुढच्या चित्राकडे वळत. मीही तेच केले, हे आधीच कबूल करतो.

माझ्या मागे उभ्या असलेल्या एका वयोवृद्ध गृहस्थांना मात्र हसू आवरेना. "अय्यो, इदु वीणा अल्लरी, पिंजारन बिल्लु!" ते म्हणाले, आणि माझा चेहरा पाहून लगेच मराठीत, "पिंजाऱ्याची धनुकली हो ती. तुमच्या घरी गाद्या कोण भरून देत होतं मग?"

प्रश्न बिनतोड होता. आमच्या घरी दर दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्यात अंगणात गाद्या उसवल्या जात. पिंजारी येई, धनुकली टांगून त्या घट्ट गोळा झालेल्या कापसावर तात धरी आणि दोन्ही टोकांना फुगीर, मध्ये बारीक अशा लाकडी ठोकळ्याने तिच्यावर ठोके मारी. तातेच्या कंपनाने कापसाचा तंतू न् तंतू सुटा होई, अंगणात पांढरा धुरळा उडे, आणि आम्हां मुलांना घरात कोंडले जाई. ते दृश्य मी शंभरदा पाहिले आहे. तरीही भिंतीवरच्या चित्रात तेच हत्यार मला ओळखता आले नाही. कारण चित्राखाली 'वादक' असे लिहिले होते, आणि मी आधी अक्षरे वाचली व मग चित्र पाहिले.

जुन्या रस्त्यांची, बाजारांची, फेरीवाल्यांची छायाचित्रे हल्ली पुष्कळ पाहायला मिळतात. जाडजूड पुस्तके निघतात, दिनदर्शिकांवर ती छापली जातात, मोबाईलवर फिरतात, आणि आता तर त्यांना आपोआप रंग चढवूनही मिळतात. त्यांच्याविषयी जे लिहिले जाते ते मात्र बहुधा दोनच प्रकारचे असते. एक, 'गेले ते दिवस' थाटाचे हळहळणे. दुसरे, साहेबाने आपल्याला नमुना म्हणून कसे काचेत बंद केले याचा पंचनामा. दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा बरा, यात शंका नाही. पण दोहोंतही एक गोष्ट राहून जाते : त्या माणसाच्या हातात काय आहे, हे कुणी नीट पाहत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे.

प्रथम ही चित्रे कशी निघाली ते पाहिले पाहिजे. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या काचेची पद्धत शोधून काढली. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच चित्र घ्यायचे आणि वाळण्यापूर्वी ते धुऊन पक्के करायचे. म्हणजे छायाचित्रकाराबरोबर अंधाऱ्या खोलीचा तंबूही हिंडला पाहिजे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिच्यात डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हेही होते. आपल्याकडची धंदेवाल्यांची पहिली चित्रे याच काळातली. या पद्धतीत काच काही सेकंद उघडी ठेवावी लागे, आणि तेवढा वेळ समोरच्याने दगडासारखे राहावे लागे. याचा अर्थ उघड आहे. लोहाराचा घण खाली येताना या चित्रांत कधीच दिसणार नाही. तो ऐरणीवर टेकवलेला दिसेल. शिकलगाराचे चाक फिरताना दिसणार नाही. कल्हईवाल्याचा भाता फुगलेला किंवा बसलेला, दोहोंपैकी एकच. ही माणसे काम करीत नाहीत, कामाचे सोंग घेऊन थांबली आहेत. काम म्हणजे गती, आणि गतीच या चित्रांतून वगळलेली. म्हणून त्यांतले कारागीर सुस्त, खिन्न वाटतात. त्या खिन्नतेवर आमच्या लेखकांनी पानेच्या पाने लिहिली आहेत. तिच्यातला बराचसा भाग रसायनशास्त्राचा आहे.

विल्यम जॉन्सन या मुंबईच्या छायाचित्रकाराने मुंबईतल्या जातीजमातींच्या चित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली लंडनहून प्रसिद्ध केले. छायाचित्रे चिकटवून हिंदुस्थानातल्या लोकांविषयी काढलेल्या ग्रंथांत हा पहिल्यांपैकी. त्यातली पुष्कळशी चित्रे दोन तुकडे जोडून केलेली आहेत. माणसे एका ठिकाणी टिपलेली, पाठीमागचा देखावा दुसऱ्याच ठिकाणचा, आणि दोन्ही काचांवरून एक चित्र बनवलेले. पायाखालची जमीन आणि मागची भिंत एकमेकींशी बोलत नाहीत, हे नीट पाहिले तर डोळ्यांना कळते. सावल्या वेगवेगळ्या दिशांना पडलेल्या असतात. अशा चित्रावरून 'हा धंदा अमक्या ठिकाणी चाले' असे अनुमान काढणे म्हणजे नाटकाच्या पडद्यावरून गावाचा नकाशा काढण्यासारखे आहे. पण मागचा पडदा खोटा असला, तरी हातातली वस्तू खोटी असतेच असे नाही. ती बहुधा त्या माणसाने घरून आणलेली असते. धार लावून लावून झिजलेले पाते, मुठीला गुंडाळलेली चिंधी, दोरीने बांधलेली चीर : ही कोणा साहेबाच्या सामानातली नव्हेत. मला या चित्रांत सगळ्यांत विश्वासू साक्षीदार वाटते ते हत्यार. जातीचे नाव साहेबाने दिले, जागा साहेबाने दिली, उभे कसे राहायचे तेही त्यानेच सांगितले. हत्यार तेवढे त्या माणसाचे.

आणि पाहा, जॉन्सनचा पहिला खंड निघाला त्याच १८६३ साली मुंबईतच एक मराठी पुस्तक निघाले : गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन'. गोविंद नारायण मूळचे मडगावचे, गोव्याचे. म्हणजे आपल्यासारखेच दोन-तीन भाषांच्या मुलखात वाढलेले. एकच शहर, एकच वर्ष. एकाच्या हाती कॅमेरा, दुसऱ्याच्या हाती बोरू. मला अनेकदा वाटले आहे की हे दोन ग्रंथ समोरासमोर उघडे ठेवून वाचावेत. जॉन्सनची माणसे जातीच्या नावाने उभी आहेत. गोविंद नारायणांची माणसे बाजारात आहेत, भावाची घासाघीस करीत आहेत, गर्दीत धक्के खात आहेत. जातीभेद गोविंद नारायणांनाही सुटलेला नाही, तसा दावा मी करणार नाही. पण त्यांचे शहर चालते आहे. त्यांना सेकंद मोजायचे नव्हते. आमच्या अभ्यासकांनी जॉन्सनच्या चित्रांवर जेवढी शाई खर्च केली, तिच्यातली निम्मी या शेजारी ठेवून वाचण्यावर केली असती तर बरे झाले असते.

सरकारी खटाटोपाची मोठी गोष्ट म्हणजे 'द पीपल ऑफ इंडिया'. फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी संपादिलेले आठ खंड, १८६८ ते १८७५; साडेचारशेहून अधिक छायाचित्रे. सय्यद अहमद खान १८६९ साली लंडनला गेले असताना त्यांनी व त्यांच्या मुलांनी हा ग्रंथ पाहिला आणि आपल्या देशाची ही ओळख पाहून ते विलक्षण खजील झाले, हे त्यांच्या पत्रावरून सर्वांना ठाऊक आहे. त्यांची खंत खरी होती. तरी ती अंगावरच्या कपड्यांबद्दलची, प्रतिष्ठितांची खंत होती, असे मला वाटते. चित्रातल्या माणसाला विचारले असते तर तो कदाचित म्हणाला असता, माझी कावड वाकडी धरायला लावली, ते आधी पाहा.

आता त्या दुसऱ्या चित्राकडे येतो, ज्याने हा लेख लिहायला लावले. एका स्नेह्यांच्या घरी त्यांच्या आजोबांच्या वेळचे सराफ गल्लीचे एक छायाचित्र आहे. दोन्ही बाजूंना दुकाने, पायऱ्यांवर बसलेली पगडीवाली मंडळी, आणि पुढच्या अंगाला गटारीच्या कडेला उकिडवा बसलेला एक माणूस. हातात आखूड केरसुणी, पुढ्यात उथळ लाकडी पाटी. चित्राच्या मागे कोणीतरी पेन्सिलीने लिहिले आहे : 'सराफ गल्ली व झाडूवाला'. घरातली तीन पिढ्यांची माणसे ते वाचत आली.

पण झाडूवाल्याला लाकडाची उथळ पाटी कशाला हवी? केर उचलायला टोपली पुरते. आमच्याकडच्या बोलीत बुट्टी, कानडीतही बुट्टीच. उथळ पाटी लागते ती पाण्यात हेलकावून जड ते खाली आणि हलके ते वर काढण्यासाठी. तो माणूस झारेकरी आहे. सोनाराच्या दुकानातला केर, भट्टीची राख, पायरीखालची धूळ तो विकत घेतो किंवा झाडून नेतो, पाण्याने धुतो, तळाशी राहिलेला कण पाऱ्याने पकडतो आणि तापवून सोने वेगळे करतो. सोनाराच्या कानशीखालून निसटलेले रतीभर सोने दिवसाकाठी त्याच्या पाटीत येई. म्हणून तो नेमका सराफ गल्लीत आहे, भाजी बाजारात नाही. आणि म्हणूनच पायरीवरचा पगडीवाला, जो केर काढणाऱ्याकडे कधी पाहिलाही नसता, तो मान वळवून त्याच्या पाटीकडे पाहतो आहे. सगळे चित्र त्या एका पाटीभोवती फिरते.

ही गोष्ट मी स्नेह्यांना सांगितली तेव्हा त्यांच्या कानडी शेजाऱ्यांनी आणखी एक धागा दिला. धारवाड भागात या धंद्याच्या लोकांना जलगार म्हणत. पण कानडीत जलगार म्हणजे रस्ता झाडणाराही. कुवेंपूंचे १९२८ सालचे 'जलगार' हे नाटक झाडूवाल्याचेच आहे. म्हणजे असे झाले असण्याचा संभव आहे : कोणा कानडी माणसाने 'जलगार' असे सांगितले, मराठी माणसाने त्याचा रूढ अर्थ घेऊन 'झाडूवाला' असे लिहिले, आणि भाषेच्या त्या एका उंबऱ्यावर एक धंदा सांडून गेला. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. परंतु द्विभाषिक गावात राहणाऱ्यांना असे सांडणे नवे नाही.

इथे एक कबुली द्यायला हवी. चित्रातला माणूस झाडूवाला नाही हे कळल्यावर त्या घरात सर्वांना बरे वाटले, थोडे जास्तच बरे वाटले. 'सोन्याचं काम करणारा होता तर!' असे कोणीतरी म्हणाले. मलाही आपल्या शोधाचा आनंद होता. पण तो आनंद नेमका कशाचा, हे तपासताना अवघडल्यासारखे झाले. तो झाडूवाला असता तर चित्राची किंमत कमी झाली असती काय? झारेकऱ्यालाही सराफाच्या पायरीवर कोणी बसू देत नव्हतेच; तो गटारीच्या कडेलाच आहे. चित्र नीट वाचायचे ते माणसाला बढती देण्यासाठी नव्हे. पाटी पाटी आहे म्हणून.

हत्यारांचे वाचन करायचे तर थोडी मापेही ठाऊक हवीत. जुन्या बाजाराच्या चित्रांत धान्य विकणाऱ्या बाईपुढे तागडी दिसत नाही, आणि मग 'वजनाचीही ऐपत नसलेली गरीब विक्रेती' अशी टीप पडते. वास्तविक धान्य जोखायचे नसे, मापायचे असे. निठवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अडशिरी, पायली : प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. गावोगावी या हिशेबात फरक असे आणि त्यावरून भांडणेही होत. त्या बाईपुढचे लाकडी किंवा लोखंडी भांडे, जे आपण लोटा किंवा डबा समजतो, तेच तिचे माप. आणि चित्रात खरोखर पाहण्यासारखी गोष्ट असते ती तिचा डावा हात. तो मापाच्या कडेला ओंजळीसारखा धरलेला असला तर ती शीग लावते आहे. आडवा फिरवलेला असला तर माप सपाट करते आहे. शिगेचे माप आणि सपाट माप यांच्यात घेणाऱ्याच्या पोरांच्या दोन भाकरींचा फरक पडे. 'शिगोशीग' हा शब्द आपण अजून वापरतो. ती शीग कुठली, ते या चित्रांत दिसते. पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायची रीत होती, मराठी मुलखात तशी कानडी मुलखातही. ते छायाचित्रात येत नाही. पण तोंड किंचित उघडे असलेली एखादी मापाडी बाई चित्रात दिसली की मला वाटते, ही लाभ म्हणते आहे.

दशमानाचा कायदा १९५६ साली झाला; वजने-मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने बदलली आणि १९६२ पर्यंत सगळीकडे नवी आली. म्हणून वाण्याच्या पुढ्यात षटकोनी लोखंडी वजनांची उतरंड असली तर ते चित्र 'शंभर वर्षांपूर्वीचे' नव्हे, खाली काहीही लिहिलेले असो. आमच्या भागात हा बदल आणखी एका बदलाच्या पाठोपाठ आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, नि पाठोपाठ शेर-पायलीही गेली. आमच्या आजीच्या बोलण्यात ही दोन दुःखे इतकी एकमेकांत मिसळलेली असत की 'ते राज्य' म्हणजे मुंबई राज्य की पायलीचे राज्य, हे कळत नसे.

काळ ठरवण्याच्या आणखी काही खुणा सांगता येतील. छपरावर मंगळुरी कौले दिसली तर चित्र १८६५ नंतरचे, कारण बासेल मिशनचा कौलांचा पहिला कारखाना मंगळूरला त्या साली निघाला. आणि ती कौले घाट चढून आपल्याकडे यायला वेळ लागलाच असणार. नळीची कौले असली तर मात्र काहीच ठरत नाही, ती आमच्या गल्लीत परवापरवापर्यंत होती. रॉकेलचा चौकोनी पत्र्याचा डबा हा तर मोठाच साक्षीदार. हा शब्दच 'रॉक ऑइल'वरून आलेला. एकदा हा डबा आला आणि पखाल, मडके, बुधले या सगळ्यांच्या जागी तोच बसला : पाणी भरायला डबा, तेल मोजायला डबा, उलटा घातला की बसायला डबा, कापून वाकवला की शेगडी. फेरीवाल्याच्या कावडीच्या एका टोकाला रॉकेलचा डबा आणि दुसऱ्या टोकाला अजून मडकेच, असे एखादे चित्र सापडले तर त्याला मी संग्रहालयातल्या राजवस्त्रांहून मोलाचे मानीन. शतक त्या कावडीवर तोलले आहे.

पोस्टकार्डांविषयी मात्र फार लिहिण्यासारखे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ती हजारोंनी निघाली, पुष्कळशी युरोपात, विशेषतः जर्मनीत छापून आली आणि रंगही तिकडेच चढले. तांब्याचा हंडा कुठला आणि मातीची घागर कुठली, हे रंग भरणाऱ्याला कसे कळावे? भडक रंगांच्या कार्डावरून वस्तू ओळखणे धोक्याचे; काळेपांढरे मूळ मिळाले तर पाहावे, नाहीतर सोडून द्यावे.

चित्रकार मात्र वेगळा. कोल्हापूरला १८६७ साली जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी मुंबईच्या रस्त्यांवरची माणसे रेखाटली आहेत. १९१२ साली निघालेल्या एडवर्ड्‌सच्या 'बायवेज ऑफ बॉम्बे'तही त्यांची चित्रे आहेत. धुरंधरांना काच वाळण्याची भीती नव्हती. त्यांच्या माणसांचे खांदे ओझ्याने झुकतात, पाऊल उचललेले असते. छायाचित्रात जे उभे आहे ते धुरंधरांच्या रेघेत चालू लागते. तरीही, आणि हे धुरंधरांच्या चाहत्यांना रुचणार नाही, हत्याराच्या बाबतीत मी छायाचित्रावर जास्त भरवसा ठेवीन. चित्रकाराचा हात सुबक असतो; तो चिंधी गुंडाळलेली मूठ सुधारतो.

इंदूर आणि हैदराबादच्या वाचकांना एक सुचवावेसे वाटते. लाला दीनदयाळ इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात होते तेव्हा, १८७४ च्या सुमारास, त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि पुढे ते निजामाचे छायाचित्रकार झाले. त्यांची कीर्ती राजवाड्यांची, दरबारांची, शिकारींची आहे. त्यांची चित्रे पाहायला मिळाली तर मध्यभाग सोडून कोपरे पाहावेत. मालकाला नीटनेटके उभे करताना कोपऱ्यातल्या माणसाकडे कोणाचे लक्ष नसते, आणि ज्याच्याकडे लक्ष नसते तो सोंग घेत नाही.

शब्दांच्या बाबतीत मात्र आपण, म्हणजे सीमेवरचे लोक, श्रीमंत आहोत, निदान होतो. माझ्या टेबलावर दोन कोश असतात. मोल्सवर्थचा मराठी कोश, १८३१ चा आणि वाढवलेला १८५७ चा. आणि किटेलचा कानडी कोश, १८९४ चा. एकाने शास्त्री-पंडित हाताशी धरले होते, दुसऱ्याने धारवाड-मंगळूरकडची बोली कानांनी टिपली होती. दोघेही परके, दोघांचेही हेतू निराळे. पण हत्यारांच्या नावांना त्यांनी दारातून हाकलले नाही, जे आमच्या नंतरच्या शिष्ट कोशांनी पुष्कळदा केले. चित्रातली अनोळखी वस्तू एका कोशात नाही सापडली तर दुसऱ्यात सापडते. घाणा तो गाण, तागडी ती तक्कडी, कल्हई ती कलायी. न्हाव्याच्या धोकटीतली नराणी मात्र आता दोन्हीकडच्या मुलांना सारखीच अनोळखी आहे. अत्र्यांच्या 'गावगाड्या'तही (१९१५) पुष्कळ सापडते, पण त्रिंबक नारायण अत्रे गावात वतन असलेल्या बलुतेदाराला जेवढा न्याय देतात तेवढा फिरस्त्याला देत नाहीत. तिथे अधिकाऱ्याची नजर लपत नाही. आणि रस्त्यावरच्या चित्रांतला माणूस बहुतेक वेळा फिरस्ताच असतो.

माझी एक तक्रार नोंदवून ठेवतो. अशा चित्रांचे संग्रह सिद्ध करणारी मंडळी विद्वानांना दाखवतात, परदेशी पत्रव्यवहार करतात; पण जो समाज ते हत्यार कालपरवापर्यंत हातात धरत होता त्याला विचारीत नाहीत. आमच्या गावात नदाफ आडनावाची घरे पुष्कळ आहेत. नद्दाफ म्हणजे अरबीत कापूस पिंजणाराच. प्रदर्शन भरले होते तिथून ती घरे चालत पाच-सात मिनिटांवर. तिथल्या कोणाही वृद्धाला बोलावले असते तर 'वादक' छापायची वेळ आली नसती. आयोजकांना मी हे सांगितले. त्यांनी ते चांगल्या मनाने ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी तिन्ही भाषांतल्या टिपेवर कागदाची पट्टी डकवून 'पिंजारी' असे लिहिले.

तेवढ्यावर हा विषय माझ्यापुरता संपला असता. पण शेवटच्या दिवशी मी त्याच गृहस्थांबरोबर पुन्हा त्या चित्रापुढे उभा राहिलो. यावेळी खिशात भिंग होते. चित्रात कापूस कुठेच नव्हता. लाकडी ठोकळा त्या माणसाच्या हातात नव्हता, कमरेच्या फडक्यात खोचलेला होता. धनुकली कुठे टांगलेली नव्हती, खांद्यावर होती, आणि उजव्या हाताची दोन बोटे तातेवर होती. मी म्हटले, "म्हणजे हा पिंजत नाहीये." ते म्हणाले, "पिंजतोय कुठला? गल्लीत शिरलाय तो. पिंजारी आला हे ओरडून सांगत नसत हो. तात छेडायची. टंय् टंय् ऐकलं की बायका गच्चीवरनं हाक मारायच्या."

मी पुन्हा भिंग लावले. चित्र ओल्या काचेचे नव्हते, नंतरचे, झटकन घेतलेले असावे. माणसाचा चेहरा, फडके, बोटांची नखेसुद्धा रेखीव आली होती. तातेची रेघ तेवढी एक नव्हती. दोन पुसट रेघा दिसत होत्या, मध्ये करड्या रंगाची चिंचोळी पट्टी. शेजारी चिकटवलेल्या नव्या टिपेचा एक कोपरा सुटला होता आणि खालचा 'वादक' अर्धा दिसत होता. मी तो दाबून बसवायला हात पुढे केला, मग तसाच मागे घेतला.